हॉर्न्सी टाउन हॉल, लंडन: तीस वर्षं चाललेलं नगरभवन

पायवाट (धागालेखिका)

उत्तर लंडनमधल्या क्राउच एंडला ब्रॉडवे या मुख्य रस्त्यावरची दुकानांची सलग रांग एका ठिकाणी तुटते. आत मोकळा चौक आहे, भोवती विटांच्या इमारती आणि समोर एक सडसडीत मनोरा. हा हॉर्न्सीचा जुना टाउन हॉल. लंडनला येणारे आपले लोक वेस्टमिन्स्टर आणि टॉवर ब्रिज बघून परततात, इथे वर्षानुवर्षं राहणारेही या चौकाकडे वळून बघत नाहीत. मला ही वास्तू फार मोलाची वाटते, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

क्राउच एंड हा हॉर्न्सीचाच भाग. हा टाउन हॉल उभा राहिला तेव्हा हॉर्न्सी लंडनमध्ये नव्हतं, मिडलसेक्स काउंटीत होतं. १८५० मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचं स्टेशन आलं, १८६७ मध्ये क्राउच एंडलाही गाडी थांबायला लागली, आणि बागाबगीच्यांच्या ऐसपैस बंगल्यांच्या जागी लाल विटांच्या घरांच्या ओळी उठल्या. पाणी, गटारं, रस्ते बघायला त्याच १८६७ साली स्थानिक मंडळ नेमलं गेलं. १९०३ साली हॉर्न्सीला बरोचा दर्जा मिळाला, म्हणजे स्वतःचा महापौर असलेली नगरपालिका झाली. चौकाजवळ १८९५चा घड्याळाचा मनोरा आहे, तो याच मंडळाचे अध्यक्ष हेन्री रीडर विल्यम्स यांच्या सन्मानार्थ बांधलेला. हायगेटचं जंगल घरबांधणीत जाऊ नये म्हणून हा माणूस झटला होता. ते जंगल आजही आहे, आणि मंडळाच्या अध्यक्षाच्या हयातीतच लोकांनी त्याच्यासाठी मनोरा उभारला, यावरून त्या वस्तीचं आपल्या कारभाराशी नातं कसं होतं ते कळतं.

कचेरी मात्र हायगेटच्या साउथवुड लेनवर जुनीच. ती अपुरी पडायला लागली तेव्हा क्राउच एंडला जागा घेतली गेली आणि १९३३ मध्ये खुली स्पर्धा जाहीर झाली. दोनशेहून जास्त आराखडे आले. निवड झाली ती रेजिनाल्ड युरेन या न्यूझीलंडहून आलेल्या वास्तुरचनाकाराची. वय सत्तावीसच्या आसपास, नाव कोणाला ठाऊक नाही. ४ नोव्हेंबर १९३५ रोजी ड्यूक आणि डचेस ऑफ केंट यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचं कांस्यपदकही मिळालं. ब्रिटनमध्ये आधुनिक शैलीत उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत ही मोडते.

जागा अवघड होती. वेडावाकडा भूखंड, चहूबाजूंनी आधीच बांधलेली घरं-दुकानं, रस्त्याला लागलेली बाजू कमी. दुसऱ्या कोणी रस्त्याला चिकटून भपकेबाज दर्शनी भाग केला असता. युरेननं इमारत मागे सरकवली, पुढे मोकळी जागा सोडली. नगरपालिकेची कचेरी आणि लोकांचं सभागृह यांची दारं वेगळी ठेवली आणि दोन्ही अंगं जिथे काटकोनात मिळतात तिथे मनोरा उभा केला. त्यामुळे दुकानांमधल्या त्या फटीतूनही इमारत दिसते, आणि नगराला चौकही मिळाला. दारांच्या दगडी चौकटींवर आर्थर एअर्स या शिल्पकाराचं कोरीव काम आहे. कचेरीच्या दारावर सज्जा आणि त्यामागे उंच खिडक्या. बाकी भिंत साधी, विटांची. तिच्यावर ऊन तिरपं पडलं की विटांचा पोत दिसतो, एवढीच सजावट.

आता मला ज्यासाठी हा धागा काढायचा होता ते. चौकाच्या कडेच्या इमारतीही बघा. एक आहे गॅस कंपनीच्या शोरूमची, १९३७ची. तिच्या भिंतीवर एअर्सनंच गॅस कसा तयार होतो आणि कशाला वापरतात याची चित्रं दगडात कोरली. दुसरी विजेच्या शोरूमची, १९३८-३९ची, युरेनचीच. हॉर्न्सीला वीज पुरवायचं काम नगरपालिका स्वतः करायची. म्हणजे १९३९ साली या चौकात आलेल्या बाईला विजेची शेगडी बघता यायची, गॅसची चौकशी करता यायची, कर भरता यायचा, तिच्या प्रभागाचा सभासद वरच्या सभागृहात भांडताना ऐकता यायचा आणि संध्याकाळी शेजारच्या हॉलमध्ये नाचाला किंवा गाण्याला जाता यायचं. नगर स्वतःच्या हिमतीवर काय काय करू शकतं ते या चौकात वीट-दगडात मांडून ठेवलं होतं.

मग एकेक गोष्ट गेली. १ एप्रिल १९४८ रोजी विजेचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढच्या वर्षी गॅसचं. १ एप्रिल १९६५ रोजी हॉर्न्सी बरोच संपला. लंडनची हद्द वाढली, मिडलसेक्स काउंटी बरखास्त झाली, आणि हॉर्न्सी, वुड ग्रीन, टॉटनम मिळून हॅरिंगे हा नवा बरो झाला. कारभार वुड ग्रीनच्या सिव्हिक सेंटरमधून चालू लागला. तीस वर्षंही न वापरलेला टाउन हॉल दुय्यम कचेरी झाला. १९८१ मध्ये ग्रेड टू स्टारचं (वारसा इमारतींच्या तीन श्रेणींतल्या मधल्या श्रेणीचं) संरक्षण मिळालं, पण संरक्षण म्हणजे परवानगीशिवाय पाडता किंवा बदलता येत नाही इतकंच, डागडुजीला पैसे त्यातून येत नाहीत. पुढे ही वास्तू धोक्यातल्या वारशाच्या सरकारी यादीत गेली. नाट्यशिक्षण संस्थेला देण्याचा बेत झाला आणि फिसकटला. काही वर्षं तात्पुरतं कलाकेंद्र चाललं, लोकांनी ते उचलून धरलं. २०१७ मध्ये हाँगकाँगच्या फार ईस्ट कन्सॉर्शियम या कंपनीशी करार झाला. मागच्या जागेत फ्लॅट, जुन्या कचेरीच्या भागात हॉटेल, सभागृहाच्या भागात कलाकेंद्र, असा बेत. स्थानिक लोकांचा मोठा विरोध होता.

विरोध करणाऱ्यांचं सगळंच म्हणणं मला पटतं असं नाही. पण लोकांच्या करातून बांधलेली, लोकांसाठीच आखलेली खोली हॉटेलच्या पाहुण्यांची होते तेव्हा नेमकं काय हातातून जातं, यावर इथल्या जाणकारांनी बोलावं असं वाटतं.

---

चुनाविटा

पायवाटताई, मनापासून धन्यवाद. पुण्यात वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, युरेनचं नाव आमच्या अभ्यासक्रमात येत नाही आणि ते यायला हवं.

एक भर घालतो. १९३०च्या दशकात इंग्लंडच्या नगरपालिकांपुढे पेच होता. ग्रीक खांब आणि घुमट जुने वाटायला लागले होते. युरोपातली पांढरी, सपाट, काचेची नवी शैली करदात्यांच्या गळी उतरणारी नव्हती. विटांची आधुनिक इमारत हा त्यातला मार्ग होता, आणि तो दाखवला हॉलंडमधल्या हिल्व्हर्सुमच्या टाउन हॉलनं. विलेम डुडॉक यांनी तो १९३१ मध्ये पुरा केला. घनाकार एकमेकांत अडकवायचे, मनोरा मध्यभागी न ठेवता कडेला घ्यायचा, भिंतीला शोभेचं काही चिकटवायचं नाही. हॉर्न्सीचा मनोरा थेट त्याच घराण्यातला. स्टॉकहोमच्या टाउन हॉलचाही संस्कार त्या पिढीवर होता, विटांचं प्रेम दोन्हीकडून आलं. आणि योग असा की ब्रिटिश इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक डुडॉकना मिळालं ते १९३५ सालीच, ज्या वर्षी हॉर्न्सीचं उद्घाटन झालं.

पण युरेनला नुसता नकलाकार म्हणता येणार नाही. हिल्व्हर्सुमची इमारत मोकळ्या बागेत, तळ्याकाठी आहे, चारी बाजूंनी फिरून बघता येते. युरेनला बाजारपेठेतली कोंदट जागा मिळाली होती. त्यानं डुडॉकची रचना उचलून एका बाजूनं बघायच्या इमारतीत बसवली, आणि मनोऱ्याचं काम बदललं. हिल्व्हर्सुमला तो दुरून गावाची खूण म्हणून दिसतो. इथे तो रस्त्यावरच्या माणसाला आत बोलावतो. नकाशा हाताशी घेऊन बघितलं की हे कळतं. विद्यार्थ्यांना सांगतो की छायाचित्रावरून वास्तू शिकू नका, आधी प्लॅन वाचा. हॉर्न्सी त्याचं चांगलं उदाहरण आहे.

युरेन पुढे स्लेटर आणि मोबर्ली यांच्या भागीदारीत गेला. महायुद्धात बाँबनं उद्ध्वस्त झालेलं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जॉन लुइसचं दुकान याच कचेरीनं नव्यानं बांधलं. नॉरिचचं नॉरफोक काउंटी हॉलही त्याचंच, १९६८चं.

---

मीरा_आम्स्टेलवीन

हिल्व्हर्सुमचं नाव वाचून राहवलं नाही, आमच्या घरापासून जवळच आहे. चुनाविटासर म्हणतात ते खरंच, पण डुडॉक यांनी विटेचं जे केलंय ते जवळ जाऊनच कळतं. वीट पिवळसर, नेहमीच्या विटेपेक्षा लांब आणि चपटी. आडव्या सांध्यातला चुना आत दाबलेला आहे, त्यामुळे प्रत्येक थराखाली सावलीची बारीक रेघ पडते. उभे सांधे मात्र विटेच्या पातळीत भरलेले. म्हणून अख्खी भिंत आडव्या रेघांची दिसते आणि इमारत जमिनीवर पसरल्यासारखी वाटते. मनोरा तेवढा त्या आडवेपणाला छेद देतो.

आणखी एक. डुडॉक हे हिल्व्हर्सुमच्या नगरपालिकेतच नोकरीला होते. १९१५ पासून बांधकाम खात्याचे प्रमुख, नंतर नगर-वास्तुरचनाकार. त्यांनी त्या गावात शाळा बांधल्या, घरं बांधली, दफनभूमी आखली. टाउन हॉल हे त्या सगळ्यातलं एक काम. ती इमारत अजूनही नगरपालिकेचीच आहे, लग्नं लागतात, कारभार चालतो. पायवाट, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं थोडं उत्तर यात आहे असं मला वाटतं. हिल्व्हर्सुमची वास्तू टिकली कारण हिल्व्हर्सुम हे गाव टिकलं.

---

जुना_वांद्रेकर

पायवाट, बेटा, छान लिहिलंयस. वय झाल्यानं मोबाइलवर सावकाश वाचतो, पण हे दोनदा वाचलं.

तुमचं १९६५ वाचताना मला आमचं १९५० आठवलं. तोवर वांद्रे स्वतंत्र नगरपालिका होती, कुर्ल्याचीही होती. १९५० साली मुंबईची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. बृहन्मुंबई झाली. पाणी आलं, बस आली, ते नाकारत नाही. पण आमचे वडील सांगायचे की पूर्वी नगरपालिकेचा सभासद बाजारात भेटायचा, त्याला तिथेच थांबवून रस्त्याचं बोलता यायचं. नंतर तक्रार बोरीबंदरला जायला लागली. उपनगर मोठ्या शहरात गेलं की सोयी मिळतात आणि दाद मागायचं ठिकाण लांब जातं. लंडनलाही तेच झालेलं दिसतं. फरक एवढाच की त्यांच्याकडे ते ठिकाण इतकं देखणं होतं की ते रिकामं झाल्याचं सगळ्यांना दिसलं.

---

पायवाट

काका, अगदी मनातलं बोललात. मीराताई, विटांच्या सांध्यांबद्दल इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मूळ धाग्यात राहून गेली. टाउन हॉलच्या मागच्या बाजूला हॉर्न्सीचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. सुंदर, काचेचं, उजेडाचं. ते उघडलं मार्च १९६५ मध्ये. बरो संपला १ एप्रिलला! आपण महिन्याभरात राहणार नाही हे ठाऊक असलेल्या नगरपालिकेनं आपल्या लोकांसाठी इतकं उत्तम ग्रंथालय पुरं करून ठेवलं. नव्या बरोवर सोडून देता आलं असतं, पैसे वाचवता आले असते. हे लिहितानाही मला त्या सभासदांबद्दल फार आदर वाटतो. ते ग्रंथालय आजही ग्रंथालयच आहे आणि त्यालाही आता वारसा म्हणून संरक्षण आहे.

---

रोखठोक

सगळ्यांच्या भावना कळतात, पण मी लंडनमध्ये बांधकामाच्या खर्चाचे अंदाज करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. १९३५ची इमारत, सपाट छपरं, लोखंडी चौकटींच्या खिडक्या, जुनी वायरिंग, जुनी हीटिंग. ग्रेड टू स्टार असल्यानं खिडकीची चौकटसुद्धा मनाला येईल तशी बदलता येत नाही, तशीच घडवून घ्यावी लागते. हा खर्च कौन्सिलला झेपत नाही. तिच्यावर वृद्धांची देखभाल, शाळा, बेघरांची सोय यांची कायद्यानं सक्ती आहे. टाउन हॉलच्या छपराची सक्ती नाही. गळतं छप्पर दहा वर्षं तसंच राहिलं तर आतलं लाकूडकाम गेलंच समजा.

मागच्या मोकळ्या जागेतले फ्लॅट विकून पुढची वास्तू दुरुस्त होत असेल तर मला ते वाईट वाटत नाही. कोणाचं राहतं घर पाडलेलं नाही. लोकांचा राग 'हॉटेल' या शब्दावर जास्त आहे असं वाटतं. रिकाम्या, ओल्या सभागृहापेक्षा दिवे लागलेलं हॉटेल बरं.

---

चुनाविटा

रोखठोक, पैशाचं गणित तुम्ही बरोबर मांडलंत, त्यावर वाद नाही. वापर नसलेली इमारत मरते, हे आम्हीही शिकवतो. माझा मुद्दा प्लॅनचा आहे. युरेननं दोन दारं केली होती. एक कारभाराचं, एक लोकांचं. कारभार गेला, त्याच्या खोल्यांत पाहुणे राहिले तर वास्तूच्या आखणीला धक्का लागत नाही. कचेरीच्या खोल्या तशाही एका ओळीतल्या, हॉटेलला सोयीच्या. पण दुसरं दार, चौकातून सरळ सभागृहात नेणारं, ते रोज उघडं असायला हवं. तिकीट काढलेल्यांपुरतं वर्षातून चार वेळा उघडून भागणार नाही. आणि वरचं नगरसभेचं दालन, लाकडी फळ्यांनी मढवलेलं, अर्धवर्तुळात बाकं मांडलेलं, ते निव्वळ लग्नाच्या भाड्याला लावलं तर माणसं तिथे फोटो काढतील आणि ही खोली कशासाठी होती ते कोणालाच कळणार नाही. शाळेच्या मुलांना महिन्यातून एकदा तिथे बसवून वाद घालायला लावा. त्याला कितीसा खर्च येणार आहे?

---

वेम्बलीकर

आमच्या इथलं उदाहरण द्यायलाच हवं. वेम्बलीचा टाउन हॉल, फॉर्टी लेनवरचा. रचनाकार क्लिफर्ड स्ट्रेंज, बांधकाम १९३७ ते १९४०. लांबलचक विटांची इमारत, मनोरा नाही, घड्याळाचा थाट नाही, टेकडीच्या उतारावर शांतपणे बसलेली. निकोलाउस पेव्ह्झनर यांच्यासारख्या कडक परीक्षकानं लंडनभोवतीच्या आधुनिक टाउन हॉलांमध्ये तिला सर्वांत वरचं स्थान दिलं होतं. हॉर्न्सीच्या चाहत्यांनी माफ करावं, पण मलाही ती जास्त आवडते!

१९६५ मध्ये वेम्बली आणि विल्सडन मिळून ब्रेंट बरो झाला. आमचं नशीब एवढं चांगलं की नव्या बरोनं हाच टाउन हॉल वापरला. त्यामुळे हॉर्न्सीसारखी तो रिकामा पडायची वेळ लवकर आली नाही. २०१३ मध्ये कौन्सिल स्टेडियमजवळच्या नव्या सिव्हिक सेंटरला गेली आणि २०१५ पासून इथे फ्रेंच आंतरराष्ट्रीय शाळा भरते. वास्तू उत्तम राखलेली आहे, रोखठोक यांचं म्हणणं तिथे शंभर टक्के लागू पडतं. पण आमच्या भागातल्या कित्येक गुजराती-मराठी जोडप्यांची नोंदणी लग्नं त्या इमारतीत झाली, त्यांना आता आत जायचं तर शाळेची परवानगी लागते. इमारत वाचली, दुरुस्त झाली, आणि आमच्यासाठी बंद झाली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

---

कृष्णचूडा

मी कोलकात्यात वाढलेली मराठी मुलगी. डुडॉक यांचं नाव वाचून लिहितेय: न्यू मार्केटजवळचं लाइटहाउस सिनेमागृह त्यांनीच रचलेलं, १९३०च्या दशकातलं. आईबाबा तिथे इंग्रजी सिनेमे बघायला जायचे. आता तिथे कपड्यांचा बाजार आहे. हॉर्न्सीच्या टाउन हॉलचं आणि आमच्या लाइटहाउसचं मूळ एकाच माणसाच्या पाटीवर आहे हे आज कळलं, फार आनंद झाला.

---

रोखठोक

चुनाविटा, दोन दारांचा मुद्दा पटला. वेम्बलीकर, तुमचाही. मग भांडण हॉटेल हवं की नको यावर घालू नये, करारातल्या अटींवर घालावं. सभागृह वर्षातले किती दिवस, किती भाड्यानं, कोणाला मिळणार, चौक रात्री बंद करता येणार का, हे कागदावर आकड्यांत लिहिलेलं हवं. 'सार्वजनिक वापर राखला जाईल' एवढ्या वाक्याला अर्थ नसतो. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात मालकी कौन्सिलचीच राहते, म्हणजे अट मोडली तर विचारायचा हक्क आहे. पण तो हक्क कोणी बजावला तरच.

---

पायवाट

रोखठोक, हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत. तिथल्या रहिवाशांनी इतकी वर्षं तेच केलं. प्रत्येक बैठकीला गेले, नकाशे वाचले, हरकती नोंदवल्या. मधल्या काळातलं कलाकेंद्र चाललं तेही लोक सतत येत राहिले म्हणून. विल्यम्सनी जंगल वाचवलं तेव्हाचीच ही सवय असणार.

काका, तुमच्या वडिलांच्या आठवणींवर स्वतंत्र धागा काढा, आम्ही सगळे वाचू. वांद्र्याच्या नगरपालिकेबद्दल मराठीत फार कमी लिहिलेलं सापडतं.

---

नुकतीच_आलेली

धागा खूप आवडला. मी महिन्यापूर्वीच लंडनला आलेय, नॉर्थ लंडनमध्येच राहते. बघायला जायचं तर कसं जायचं? क्राउच एंड नावाचं ट्यूब स्टेशन नकाशात सापडलं नाही.

---

पायवाट

नाहीच आहे. जुनं रेल्वे स्टेशन १९५४ मध्ये बंद झालं आणि त्या रुळांच्या जागी आता पार्कलँड वॉक नावाची झाडांतली पायवाट आहे. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय. फिन्सबरी पार्कला उतर आणि डब्ल्यू७ बस घे, किंवा पाऊस नसेल तर तिथूनच पार्कलँड वॉक धर. ब्रॉडवेवर आधी घड्याळाचा मनोरा लागेल. चौकात शिरल्यावर टाउन हॉलकडे जायच्या आधी गॅस शोरूमच्या भिंतीवरची एअर्सची कोरीव चित्रं शोध. मग टाउन हॉलची दोन्ही दारं बघ आणि मागे वळसा घालून ग्रंथालयात जा. रविवारी जाणार असशील तर ग्रंथालयाच्या वेळा आधी तपास. या महिन्यात कधीतरी मीही जाणार आहे, निरोप पाठव, बरोबर जाऊ.